पाचव्या पुत्राची पत्नी

जानकीदेवी बजाज हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले आहे, परंतु ते वाचलेले आहे पाटीवर. वर्ध्याच्या विज्ञान महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, एका ग्रामविकास संस्थेला आहे, ग्रामीण भागातील उद्योजक स्त्रियांना मिळणाऱ्या एका पुरस्काराला आहे. स्त्रिया व मुले यांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना १९८० पासून त्यांच्या स्मरणार्थ आणखी एक पुरस्कार दिला जातो. एवढ्या ठिकाणी नाव कोरले गेल्यावर माणूस विसरला जाईल असे कोणाला वाटणार? पण तसे झाले आहे. आमच्या वर्गात सहज विचारले, तेव्हा एकाने त्यांना जमनालालजींच्या मातोश्री केले, दुसरीने राहुल बजाजांच्या मातोश्री. राहुल बजाजांचे नाव पंडित नेहरूंनी ठेवले ही हकिकत मात्र दोघांनाही पाठ होती!

यात त्या दोघांचा दोष मला वाटत नाही. मोठ्या उद्योगघराण्यातील कर्त्या स्त्रीची आठवण ठेवण्याची आपली रीतच अशी आहे की तिच्या आयुष्यातले प्रसंग गळून जातात आणि मातृत्व, त्याग, सेवा अशी तीन-चार भारदस्त नामे उरतात. ही नामे कोणालाही लावता येतात, म्हणून ती कोणाचीच ओळख पटवत नाहीत. मी वर्धा जिल्ह्यातली आहे, आणि या बाईंविषयी माझे काही म्हणणे आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

प्रथम हकिकत. जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३ रोजी मध्य भारतातील जावरा येथे, एका वैष्णव मारवाडी कुटुंबात झाला. १९०२ साली, म्हणजे नऊ वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न झाले आणि त्या वर्ध्याच्या बजाज घराण्यात आल्या. नवरा बारा-तेरा वर्षांचा. तोही या घरात जन्मलेला नव्हता. राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला हा मुलगा वर्ध्याच्या शेठ बच्छराज बजाजांकडे दत्तक आला होता. एक दत्तक आलेला मुलगा आणि एक लग्न होऊन आलेली मुलगी, अशी ही दोन परकी लेकरे एका श्रीमंत पेढीच्या वाड्यात वाढली. बजाज घराण्याचा इतिहास सांगताना या योगायोगाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातूनच पुढची पहिली घटना घडते.

१९०७ साली दागिने घालण्यावरून आजोबा बच्छराज संतापले आणि दत्तकाला नको ते बोलले. तेव्हा सतरा वर्षांच्या जमनालालजींनी त्यांना पत्र लिहून सर्व संपत्तीवरचा हक्क सोडला आणि ते घर सोडून निघाले. पुढे समजूत घालून त्यांना परत आणले गेले. जमनालालजींच्या प्रत्येक चरित्रात हे पत्र मोठ्या अभिमानाने सांगितलेले असते, आणि ते अभिमानास्पद आहेच. मात्र त्या दिवशी वाड्याच्या आतल्या भागात चौदा वर्षांची एक विवाहित मुलगी होती. नवऱ्याने हक्क सोडला म्हणजे तिचाही गेला, तो निघून गेला म्हणजे तिच्या पायाखालचीही जमीन गेली. पत्र लिहिण्यापूर्वी तिला विचारले असेल अशी अपेक्षा त्या काळात कोणी केली नसती. पण आज चरित्र वाचताना हा प्रश्न आपल्यालाही सुचू नये, हे मात्र आश्चर्य आहे.

आता सोन्याकडे येते, कारण माझ्या मते या आयुष्याची किल्ली तिथे आहे.

गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परत आल्यावर जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. गांधीजींच्या विचारांचा परिणाम घरात पोहोचला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी जानकीदेवींनी अंगावरचे सोने उतरवले. ते त्यांनी पुन्हा घातले नाही. हा प्रसंग आपण त्यागाच्या कथांत सहज घालून टाकतो : श्रीमंताची बायको, भरपूर दागिने, देशासाठी सोडले, नमस्कार. आमच्या वर्गात गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेवर चर्चा चालू असताना एक मित्र म्हणालाही, की ज्याच्या घरी मण आहे त्याने शेर दिला तर त्याचे एवढे कौतुक कशाला?

त्याच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. मण कोणाचा आणि शेर कोणाचा, हे त्याने पाहिले नव्हते. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत स्त्रीला पोटगीपलीकडे फारसे काही नव्हते. पेढी, जमिनी, मालगुजारी, कापसाचा व्यापार हे सगळे पुरुषांचे. स्त्रीचे स्वतःचे म्हणता येईल असे एकच होते : स्त्रीधन. त्यातही मुख्य म्हणजे अंगावरचे सोने. जमनालालजींनी लाखो रुपये दान केले तरी ते पेढीचे मालक राहिले आणि मालक म्हणूनच देत राहिले. जानकीदेवींनी सोने सोडले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावाचे जे होते तेवढेच त्यांनी सोडले. शेर गेला आणि हातात दुसरे काही राहिले नाही. या हिशेबाने पाहिले तर त्या घरातला मोठा त्याग कोणाचा होता, हे मी वाचकांवर सोपवते.

सोने म्हणजे स्त्रीला काय, हे विदर्भातल्या शेतकरी घरातल्या मुलींना समजावून सांगावे लागत नाही. माझ्या आजीच्या पाटल्या दर वर्षी मृगाच्या आधी सोनाराकडे गहाण जात आणि कापूस विकला की दिवाळीनंतर परत येत. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी त्या येत नसत. आजी त्या पाटल्यांना दागिना म्हणतच नसे, ‘माझा आधार’ म्हणे. लग्नकार्यात मिरवण्याची हौस तिलाही होती, ती मी नाकारत नाही, पण रात्री उशाशी घेऊन झोपण्याइतके प्रेम हौशीपोटी येत नाही. म्हणून कोणी बाई सोने उतरवते तेव्हा ती केवळ शोभा उतरवत नाही. शेठजींच्या घरात पेरणीसाठी पाटल्या गहाण टाकण्याची वेळ येत नव्हती, हे खरे. तरीही दत्तक नवऱ्याने एकदा सगळा हक्क सोडून दाखवलेला होता. ते जिने पाहिले होते, तिला सोन्याचा अर्थ माझ्या आजीपेक्षा कमी कळत असेल असे मला वाटत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. हा निर्णय त्यांचा होता की नवऱ्याचा? बापूंनी सांगितले, नवऱ्याला पटले, पत्नीने केले. यात तिचे स्वातंत्र्य कोठे? हा प्रश्न एका होय-नाहीत सुटणारा नाही. आरंभी आज्ञापालन असेलही. नऊ वर्षांच्या वयापासून ज्या घरात वाढली त्या घरात आज्ञा हीच भाषा होती. परंतु आज्ञापालनाने घेतलेली गोष्ट माणूस वीस-तीस वर्षांत केव्हातरी सैल सोडतो. विशेषतः आज्ञा करणारा गेल्यावर. जमनालालजी १९४२ मध्ये वारले आणि जानकीदेवी १९७९ पर्यंत जगल्या. या सदतीस वर्षांत त्यांच्या अंगावर सोने परत आले नाही, खादी सुटली नाही. सुरुवात कोणाच्या शब्दाने झाली यापेक्षा ती पुढे कोणी चालवली याला मी अधिक महत्त्व देते.

पडद्याचेही तसेच. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी घुंगट सोडला. मराठी वाचकाला यातली अडचण एकदम ध्यानात येत नाही. आपल्याकडे डोक्यावरून पदर असतो, तोंडावरून नसतो. मारवाडी घरातील सुनेचा चेहरा सासरच्या वडील पुरुषांना दिसणे हीच मर्यादा ओलांडल्यासारखी गोष्ट होती. वर्धा गाव मराठी, पेढीवरचे व्यवहार मराठी माणसांशी, आणि आत वाड्यात मात्र मारवाडचा कायदा! रस्त्यावरून जाणाऱ्या मराठी कुणबिणीला जे मोकळेपण जन्मतः मिळाले होते ते शेठाणीला अठ्ठाविसाव्या वर्षी मिळवावे लागले. असहकाराच्या चळवळीत घरातील परदेशी कापडाची होळी झाली. जमनालालजींनी १९२१ मध्ये ‘रायबहादूर’ हा किताब परत केला. किताब परत करणे ही गोष्ट एकदा करून संपते. तोंडावरचा पदर मात्र दर सकाळी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर पुन्हा बाजूला करावा लागतो.

त्यानंतर त्या सभांतून बोलू लागल्या, स्त्रियांमध्ये खादीचा आणि पडदा सोडण्याचा प्रचार करू लागल्या. कायदेभंगात १९३२ साली तुरुंगातही गेल्या. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात नवरा तुरुंगात, १९३२ मध्ये त्या स्वतः, आणि १९४१ च्या वैयक्तिक सत्याग्रहात धाकटा मुलगा रामकृष्ण. एकाच घराचा हा तुरुंगाचा हिशेब आहे. थोरली मुलगी कमला हिचे लग्न १९२६ मध्ये साबरमती आश्रमात अगदी साधेपणाने झाले. मारवाडी लग्न म्हणजे काय थाट असतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी क्षणभर त्या मुलीच्या आईच्या जागी उभे राहून पाहावे. नातेवाइकांना तोंड द्यायचे असते ते आईला.

बजाजवाडीविषयी मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे. १९३० ते १९४२ या काळातले वर्धा म्हणजे देशाची दुसरी राजधानी, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. गांधीजी साबरमती सोडून वर्ध्यास आले, मगनवाडीत राहिले, ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला गेले आणि त्याचे पुढे सेवाग्राम झाले. त्यांना भेटायला येणारा मनुष्य रेल्वेने वर्ध्यास उतरे आणि बजाजांचा पाहुणा होई. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका कितीदा तरी वर्ध्यास भरल्या. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या खान अब्दुल गफारखानांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायची बंदी होती, तेव्हा ते वर्ध्यास बजाजांकडे येऊन राहिले. इतिहासाच्या पुस्तकात या बैठकांचे ठराव तारीखवार सापडतात. आम्ही ते परीक्षेसाठी पाठ करतो.

या ठरावांच्या मागे पंगती होत्या. कोणी शाकाहारातही मीठ न खाणारा, कोणी बिनमसाल्याचे उकडलेले खाणारा, कोणी उपवासी, कोणी आजारी, कोणी रात्रीच्या गाडीने आलेला आणि पहाटेच्या गाडीने जाणारा. नोकर-चाकर होते, शेठजींच्या घरी त्यांना तोटा नव्हता. पण ज्याच्या घरी दोन दिवस पाहुणे राहून गेले आहेत त्याला ठाऊक आहे की घरच्या बाईचे डोके त्यात किती गुंतलेले असते. हे बारा-पंधरा वर्षे चालले. जमनालालजी कितीतरी वर्षे काँग्रेसचे खजिनदार होते. त्यांच्या हाती आलेल्या पैशाचा हिशेब आहे. घरच्या बाईच्या या श्रमाचा हिशेब ठेवण्याची वही कोणी घातली नाही. स्वातंत्र्याच्या इतिहासात स्वयंपाकघर हे एक स्वतंत्र प्रकरण असायला हवे, असे मी गमतीने म्हणत नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांनी याकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

गांधीजींनी जमनालालजींना आपला पाचवा पुत्र मानले होते. १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर जमनालालजींनीच तसे मागून घेतले होते. बजाज कुटुंबाला लिहिलेल्या गांधीजींच्या पत्रांचा हिंदी संग्रह आहे, त्याचे नावच ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ असे आहे. त्या मागणीत जी गोष्ट सांगितलेली नाही ती अशी, की पुत्र मागितला की सून आपोआप येते. कस्तुरबांच्या वाट्याला जे आले ते आपण आता थोडेफार बोलू लागलो आहोत. पाचव्या सुनेविषयी अजून बोलत नाही.

लक्ष्मीनारायण मंदिराची गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वर्ध्यातील हे मंदिर बजाज घराण्याचे. जुलै १९२८ मध्ये ते हरिजनांना खुले करण्यात आले आणि त्या कामात जानकीदेवीही होत्या. सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला, समाजात बोलणी खाल्ली. हे धाडस होते. तरी हे विसरून चालणार नाही की त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली आणि त्यांनी मार खाल्ला. आणि २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करणाऱ्यांना वर्षानुवर्षे दार उघडले गेले नाही. वर्ध्याचे दार आतून उघडले. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याने दार उघडणे आणि ज्याला बाहेर ठेवले आहे त्याने ते ठोठावणे, या दोन कृतींना एकाच तागडीत तोलणे बरे नव्हे. आमच्या जिल्ह्यातले काही लेखक १९२८ च्या दाराविषयी ज्या स्वरात लिहितात त्या स्वरात मला लिहिता येत नाही. जानकीदेवींचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. त्या ज्या घरात होत्या त्या घराची किल्ली तरी त्यांच्या हाती कोठे होती? त्यांनी आपले वजन उघडण्याच्या बाजूने टाकले एवढे म्हणावे, आणि तेवढे पुरेसे आहे.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी एकाएकी वारले. वय बावन्न. अखेरच्या काही महिन्यांत त्यांनी सर्व सोडून गोपुरीत झोपडी बांधून गोसेवेला वाहून घेतले होते. जानकीदेवी एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्या दुःखात त्यांनी सती जाण्याची इच्छा बोलून दाखवली.

हे वाक्य वाचून माझ्या मैत्रिणी दचकल्या. पडदा सोडलेली, तुरुंगात गेलेली, मंदिर उघडणारी बाई सती जायचे म्हणते? चरित्रकार बहुधा हा प्रसंग घाईने उरकतात आणि गांधीजींच्या उत्तराकडे वळतात. मला उलट वाटते, की येथे थांबावे. नऊ वर्षांच्या वयापासून चाळीस वर्षे ज्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकले तो गेला, तर पुढे कोणत्या वाटेने जायचे? सोने त्याच्या सांगण्यावरून सोडले, पडदा त्याच्या प्रोत्साहनाने. आता सांगणारा कोण? जुन्या संस्काराने या प्रश्नाला एकच उत्तर शिकवले होते आणि ते ऐन वेळी तोंडावर आले. माणूस पायरी-पायरीने बदलतो आणि सर्वांत खालची पायरी सर्वांत शेवटी सुटते. मला तर या प्रसंगामुळे त्या खऱ्या वाटतात.

गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. देह जाळून सती होण्यापेक्षा पतीचे अर्धे राहिलेले काम हाती घ्या आणि जे आपले आहे ते त्याला द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जानकीदेवींनी आपली खासगी मालमत्ता गोसेवेला दिली आणि गोसेवा संघाचे अध्यक्षपद स्वीकारले, ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. गांधीजींच्या उत्तरावरही आजच्या विद्यार्थिनीला बोलता येईल. पतीच्या कामातच विधवेने विलीन व्हावे ही कल्पना सतीच्या कल्पनेची सौम्य आवृत्ती नव्हे काय? तर्काने पाहिले तर तसे दिसते. पण व्यवहाराने पाहिले तर एका रस्त्याच्या टोकाला राख होती आणि दुसऱ्याच्या टोकाला सदतीस वर्षे. त्याच वर्षी १४ जुलै रोजी इंग्रजांनी चालते व्हावे हा ठराव कार्यकारिणीने वर्ध्यासच केला. यजमान जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

या सदतीस वर्षांतल्या कामाविषयी पाट्या काही सांगत नाहीत, आणि तेच काम सर्वांत जास्त त्यांचे स्वतःचे होते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले. विनोबा आणि बजाज कुटुंब यांचा संबंध १९२१ पासूनचा, विनोबा वर्ध्याच्या आश्रमात आले तेव्हापासूनचा. साठीला टेकलेल्या जानकीदेवी विनोबांबरोबर भूदानाच्या कामात हिंडल्या. जमीन मागणारे पुष्कळ होते. जानकीदेवींनी कूपदान मागितले, म्हणजे विहिरी. मिळालेली जमीन कोरडवाहू असेल तर भूमिहीनाला तिचा उपयोग किती? जमीन द्या म्हणणे सोपे आहे, पण तिला पाणी कोठून येणार हा प्रश्न बहुधा पाणी भरणाऱ्या बाईलाच आधी सुचतो. श्रीमंत घरातल्या बाईला हे सुचले म्हणून मला त्यांचे विशेष वाटते. विदर्भात विहिरीची किंमत काय आहे हे मी येथे वेगळे लिहीत नाही. आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचतोच.

१९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. हा किताब मिळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आदल्या वर्षीच्या यादीत महर्षी धोंडो केशव कर्वे आणि जे. आर. डी. टाटा होते. कर्वे यांच्या शेजारी जानकीदेवींचे नाव यावे हे मला फार समर्पक वाटते. त्याच १९५६ च्या जून महिन्यात हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला आणि हिंदू स्त्रीला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरली. जिने आपल्या मालकीचे होते तेवढे दोनदा देऊन टाकले होते, तिला सन्मान मिळाला त्याच वर्षी कायद्याने स्त्रीला मालकी दिली! मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा मिळायला महाराष्ट्रात १९९४ उजाडले आणि देशभर २००५.

दरम्यान पेढीचा उद्योगसमूह झाला. थोरले चिरंजीव कमलनयन यांनी व्यवसाय वाढवला, ते १९५७ ते १९७१ वर्ध्याचे खासदारही होते. १९७२ मध्ये ते वारले; म्हणजे नवऱ्यामागून थोरल्या मुलाचे जाणेही या आईने पाहिले. नंतर राहुल बजाजांनी आकुर्डीच्या कारखान्यातून देशाला स्कूटरवर बसवले. २०२१ पर्यंत ते बजाज ऑटोचे अध्यक्ष होते, २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अध्यक्षपदावर त्यांच्यामागे आले ते चुलत बंधू नीरज. ही परंपरा जमनालाल, कमलनयन, राहुल, नीरज अशी सांगता येते. आजीचे नाव पुरस्काराला आहे आणि नातवांचे नाव कंपनीच्या अहवालात आहे, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. देशातल्या जवळजवळ सर्वच जुन्या उद्योगघराण्यांची गोष्ट अशीच आहे. पण विश्वस्त कल्पनेचा एवढा अभिमान असलेल्या घराण्याच्या इतिहासात विश्वस्त म्हणजे पुरुष असे समीकरण इतकी वर्षे टिकावे, याची नोंद विद्यार्थ्याने तरी करून ठेवावी.

२१ मे १९७९ रोजी जानकीदेवी गेल्या. वय शहाऐंशी.

त्यांनी ‘मेरी जीवन यात्रा’ हे आत्मचरित्र १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. ते हिंदीत आहे आणि माझ्या मते हेच आपण त्यांना विसरण्याचे एक कारण आहे. मराठीत स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा थोर आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आलेली. या पुस्तकांवर आपण निबंध लिहितो, प्रकल्प करतो. मोठ्या नवऱ्याची बायको, नवऱ्याच्या ध्येयामुळे उलटीपालटी झालेला संसार, सोवळेओवळे आणि पडदा यांतून वाट काढणारे मन, हा विषय तोच. पण ही बाई मारवाडी, पुस्तक हिंदी, म्हणून मराठीचा विद्यार्थी त्याला हात लावत नाही. हिंदीच्या विद्यार्थ्याला ते गांधीवादी चरित्रवाङ्मय वाटते, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते उद्योगपतीच्या बायकोचे वाटते. सत्तर-पंचाहत्तर वर्षे ज्या बाईने वर्ध्यात काढली ती कोणाची, हे ठरवताना आपण असे एकमेकांकडे बोट दाखवतो.

वर्ध्याची माणसे त्यांना आमची म्हणतात ती बहुधा पाटीपुरती. एकदा त्यांना मराठी वाङ्मयाच्या वर्गात आणून बसवावे, लक्ष्मीबाईंच्या शेजारी, असे मला वाटते. लक्ष्मीबाई त्यांना जागा करून देतील, आणि दोघी मिळून नवऱ्यांविषयी जे बोलतील ते ऐकण्यासारखे असेल. आमच्या मराठीच्या बाईंना ही कल्पना सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अभ्यासक्रम काही मी ठरवत नाही ग, पण अंतर्गत मूल्यमापनाला विषय तुझा तू निवडू शकतेस.” तेव्हा पुढच्या सत्रासाठी मी या दोन पुस्तकांचा विषय नोंदवला आहे. कोणा विद्यार्थिनीला बरोबर काम करायचे असेल तर तिने मला भेटावे. हिंदी वाचता आले म्हणजे पुरे.